ज्यू कम्युनिटी सेंटरच्या इन्क्युबेटरमध्ये पुण्याच्या स्टार्टअपने जावं का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. पुण्यात तुमची चार जणांची कंपनी आहे. कमरेच्या पट्ट्यात बसणारा सेन्सर तुम्ही बनवला आहे. वयस्क माणूस चालताना त्याचा तोल कसा राहतो, हे तो मोजतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका ज्यू कम्युनिटी सेंटरने परदेशी स्टार्टअपसाठी इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, मार्गदर्शन आणि ओळखी देणारा कार्यक्रम, काढलाय आणि ओळखीतून तुम्हाला वर्षभराची जागा देऊ केली आहे. दोन टेबलं, महिन्याला ६०० डॉलर आणि वर कंपनीत दोन टक्के हिस्सा. तिथल्या बाकीच्या बहुतेक कंपन्या इस्रायली आहेत. तुम्ही विचारताय : आपण ज्यू नाही, इस्रायली नाही, मग आपल्याला का बोलावतायत? पैसे वाजवी आहेत का? तिथला पत्ता मिळाला की व्हिसाचं काम सोपं होईल का? आणि सेंटरमध्ये येणाऱ्या ज्येष्ठांवर पट्ट्याची चाचणी घेता येईल का?

मी बरीच वर्षं अमेरिकेत परदेशी कंपन्यांना पाय रोवायला मदत करण्याच्या कामात आहे. इन्क्युबेटरच्या बाजूने आणि कंपनीच्या बाजूने, अशा दोन्हीकडून या टेबलाशी बसलोय. माझं सरळ मत असं की जागा घ्यायची की नाही, हा तुमचा खरा प्रश्न नाही. अमेरिकेत टेबल कुठेही भाड्याने मिळतं. तुमचं नाव तिथे कुणाला माहीत नसताना तुमच्यासाठी फोन उचलून चार जणांशी बोलणारा माणूस मात्र भाड्याने मिळत नाही. असं सेंटर देऊ शकतं ती गोष्ट हीच. ती तुम्हाला मिळणार असेल तर जा, नाहीतर नको. बाकी सगळं याच्या मागून येतं.

पहिली शंका : आपल्याला का? याचं उत्तर या संस्थांच्या इतिहासात आहे आणि तो माहीत असला की मनातला संकोच बराच कमी होतो. अमेरिकेतल्या ज्यू कम्युनिटी सेंटरची परंपरा १८५४ साली बाल्टिमोरमध्ये स्थापन झालेल्या हिब्रू यंग मेन्स लिटररी असोसिएशनपासून मोजतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व युरोपातून ज्यू स्थलांतरितांचे लोंढे आले, तेव्हा अशा संस्थांनी इंग्रजीचे वर्ग, वाचनालयं, नोकरी शोधायला मदत असं सगळं हातात घेतलं. न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली हिब्रू फ्री लोन सोसायटी उभी राहिली. सुरुवातीचं भांडवल अवघं ९५ डॉलर. नव्याने आलेल्याला शिवणयंत्र किंवा हातगाडी घ्यायला बिनव्याजी कर्ज द्यायचं, फेडल्यावर तेच पैसे पुढच्याला द्यायचे. म्हणजे परक्या देशात आलेल्या माणसाचा धंदा उभा करून देणं, हे या समाजाच्या संस्थांना नवं नाही. आज हीच सेंटरं पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, बालवाडी, उन्हाळी शिबिरं आणि ज्येष्ठांचे कार्यक्रम चालवतात. सभासदत्व सगळ्यांना खुलं असतं आणि कित्येक ठिकाणी सभासदांचा मोठा भाग ज्यू नसतो. तुम्हाला तिथे कुणी धर्माबद्दल काही समजावायला येणार नाही. ज्यू परंपरेत धर्मांतरासाठी लोकांना ओढण्याची पद्धत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता इस्रायली कंपन्याच जास्त का, ते पाहू. इस्रायलची देशातली बाजारपेठ लहान आहे, त्यामुळे तिथल्या कंपनीला पहिल्या दिवसापासून बाहेर बघावं लागतं. सोव्हिएत संघातून शास्त्रज्ञ आणि अभियंते मोठ्या संख्येने आले, तेव्हा १९९१ मध्ये तिथल्या सरकारने तंत्रज्ञान इन्क्युबेटरचा कार्यक्रम सुरू केला आणि १९९३ मध्ये योझ्मा हा सरकारी व्हेंचर फंड आला. तिकडे कंपन्या जन्माला येऊ लागल्या, पण त्यांचे ग्राहक अमेरिकेत होते. त्याच काळात अमेरिकेतल्या ज्यू फेडरेशन, म्हणजे समाजाच्या देणग्या गोळा करून वाटणाऱ्या स्थानिक संस्था, इस्रायलमधल्या एकेका शहराशी जोडल्या जात होत्या. उदाहरणार्थ, बाल्टिमोरची जोडी अश्कलोनशी आहे. मेरीलँड राज्य आणि बाल्टिमोरची फेडरेशन यांच्या सहभागातून मेरीलँड-इस्रायल डेव्हलपमेंट सेंटर उभं राहिलं. इस्रायली कंपन्यांना राज्यात आणणं, हे त्याचं काम. समाजाची ओढ, राज्याला हवे असलेले रोजगार आणि कंपनीला हवी असलेली बाजारपेठ, या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या की कम्युनिटी सेंटरच्या दिवसा रिकाम्या पडणाऱ्या खोल्यांत इन्क्युबेटर सुरू व्हायला फार वेळ लागत नाही.

मग ‘परदेशी’ म्हणून दार इतरांनाही का उघडतात? माझ्या अनुभवात दोन कारणं असतात. खोल्या भरायच्या असतात, हे साधं कारण. दुसरं असं की काउंटीकडून (म्हणजे जिल्हा प्रशासनाकडून) किंवा राज्याच्या उद्योग खात्याकडून मदत मिळत असेल, तर एकाच देशापुरता कार्यक्रम ठेवणं अवघड जातं. तुम्हाला उपकार म्हणून घेत नाहीत. तुम्ही आल्याने त्यांच्या कार्यक्रमालाही वजन येतं. हे बोलणी करताना मनात असू द्या.

महाराष्ट्रातून आलात म्हटल्यावर बेने इस्रायल या इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाबद्दल कुणीतरी नक्की विचारेल, एवढं गृहीत धरा. मुंबईत एव्हलिन पीटर्स ज्यू कम्युनिटी सेंटर आहे, तेही तिथल्या काहींना ठाऊक असतं. कोकणातले शनिवार तेली (तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे हे लोक), अलिबागजवळच्या नवगावला त्यांचे पूर्वज जहाज फुटून पोचल्याची आख्यायिका, मराठीतली त्यांची कीर्तनं, इस्रायलमध्ये निघणारं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक, एवढं तरी जाण्याआधी वाचून घ्या. मात्र त्याचा धंद्यासाठी वापर करू नका. आपल्या मातीत शतकानुशतकं निर्धास्त राहिलेल्या शेजाऱ्यांबद्दल आपुलकीने बोला, तेवढं पुरे. कुणाच्या ओळखीचं भांडवल केलं की ते लगेच जाणवतं, आणि अशा छोट्या समाजात ते विसरलं जात नाही.

आता पैसे. महिन्याला ६०० डॉलर हे शहरावर अवलंबून आहे. मोठ्या शहराच्या उपनगरात दोन टेबलं, मीटिंगची खोली आणि इंटरनेट धरून ते मला जास्त वाटत नाही. मी थांबतो तो दोन टक्क्यांपाशी. हिस्सा मागणं चूक नाही, पण आधी विचारा : कोण मागतंय, आणि कोणत्या कंपनीत?

कोण मागतंय, हे महत्त्वाचं का ते सांगतो. अशी सेंटरं बहुधा अमेरिकन करकायद्यातल्या ५०१(सी)(३) खाली नोंदलेल्या धर्मादाय संस्था असतात. परदेशी नफ्याच्या कंपनीला मदत करणं हे आपोआप धर्मादाय काम ठरत नाही. त्यामुळे नीट चालवलेली संस्था दोनपैकी एक मार्ग धरते. एक, साधं भाडं घेते. स्थावर मालमत्तेचं साधं भाडं हे बहुतेक वेळा अशा संस्थेच्या करपात्र असंबंधित उत्पन्नात धरलं जात नाही. पण इमारतीवर कर्ज असेल किंवा भाड्यासोबत भाडेकरूला खास सेवा दिल्या जात असतील, तर चित्र बदलतं. दोन, इन्क्युबेटरसाठी वेगळी कंपनी काढते आणि मार्गदर्शन, ओळखी, हिस्सा हे सगळं त्या कंपनीमार्फत करते. तुमच्या करारावर सही कोणाची आहे, ते बघा. भाडेकरार सेंटरचा आणि हिस्सा मात्र एखाद्या संचालकाच्या वैयक्तिक कंपनीच्या नावावर, असं काही दिसलं तर तिथेच थांबा. धर्मादाय संस्थेच्या आतल्या माणसाने स्वतःचा फायदा करून घेणं ही अमेरिकेत गंभीर गोष्ट आहे आणि त्या भानगडीत तुमचं नाव नको. बऱ्याचदा हे वाईट हेतूने नसतं, कुणी नीट विचार केलेला नसतो इतकंच. पण निस्तरावं तुम्हालाही लागतं.

कोणत्या कंपनीत हिस्सा, हा प्रश्न आपल्या बाजूचा आहे आणि इन्क्युबेटरला त्याची जाण नसते. तुम्ही अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात उपकंपनी काढलीत आणि त्यातले दोन टक्के दिले, तर त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण पेटंट आणि कोड पुण्यातल्या कंपनीकडे आहे. म्हणून ते पुण्यातल्या मूळ कंपनीत हिस्सा मागतील. तसं केलं तर भारतीय कंपनीने परदेशी व्यक्तीला शेअर दिले असं होतं. मग ‘फेमा’ या परकीय चलन कायद्याखाली मूल्यांकन आलं, शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म भरणं आलं, आणि पैसे न येता केवळ ‘मार्गदर्शनाच्या बदल्यात’ शेअर देणं ही आणखी किचकट वाट. उलट्या बाजूने, सगळं उचलून अमेरिकन कंपनीखाली न्यायचं, म्हणजे ज्याला सगळे ‘फ्लिप’ म्हणतात, ते केलं तर भारतात भांडवली नफ्याच्या कराचा प्रश्न उभा राहतो. केवळ दोन टेबलांसाठी यातलं काहीही करू नका. माझा सल्ला असा की हिस्सा नको म्हणून सांगा आणि त्याऐवजी भाडं थोडं वाढवायची तयारी दाखवा. किंवा असं ठरवा की त्यांच्या ओळखीतून ठरावीक रकमेचा ग्राहक किंवा गुंतवणूकदार आला, तरच हिस्सा द्यायचा, आणि तो केव्हा, किती, कोणत्या कंपनीत, हे आत्ताच लिहून ठेवायचं. चांगला कार्यक्रम असेल तर या अटीवर ते चर्चेला बसतात.

उपकंपनी काढलीत तर आणखी एक गोष्ट, कारण यात लोक हमखास अडकतात. परदेशी मालकीच्या अमेरिकन कंपनीला दरवर्षी करविवरणासोबत ५४७२ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. एक डॉलरचाही नफा नसला, तरी मूळ कंपनीशी व्यवहार झाला असेल तर भरावाच लागतो. चुकला तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो. भारतात दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत रिझर्व्ह बँकेसाठी वार्षिक कामगिरी अहवाल द्यावा लागतो. दोन्हीकडच्या सीएंची एकमेकांशी एकदा ओळख करून द्या. ते दोघे परस्पर बोलले, तर तुमचं वर्षभराचं डोकं शांत राहतं.

व्हिसाबद्दल तुमची जी कल्पना आहे, ती मला काळजीची वाटते. तुम्ही लिहिलंय की एक भागीदार बी-१, म्हणजे व्यवसायभेटीच्या व्हिसावर, सहा महिने जाऊन ‘इन्क्युबेटरमधून काम करेल’. बी-१ वर बैठका घेता येतात, कराराच्या वाटाघाटी करता येतात, प्रदर्शनाला जाता येतं, जागा बघून भाडेकरार करता येतो. पण तिथे बसून रोजचं कामकाज चालवणं, चाचण्या घेणं, ग्राहकाकडे जाऊन उपकरण बसवणं, हे त्यात बसत नाही. इन्क्युबेटरचं स्वागतपत्र हातात असलं, तरी त्याने हे बदलत नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर ‘मी तिथे काम करायला आलोय’ हे वाक्य फार महाग पडू शकतं.

आणि इथे एक सापळा आहे, जो मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. शेजारच्या टेबलावरचा इस्रायली संस्थापक तुम्हाला अगदी मनापासून सांगेल की ई-२ व्हिसा घे, सोपं आहे, मी तोच घेतला. त्याच्यासाठी ते खरं आहे. इस्रायली नागरिकांना २०१९ पासून गुंतवणूकदारांचा ई-२ मिळतो. भारताचा अमेरिकेशी तसा करार नाही, म्हणून भारतीय पासपोर्टवर तो मिळत नाही. तेच निधीचं. अमेरिका आणि इस्रायल यांचा बर्ड फाउंडेशन १९७७ पासून दोन्ही देशांतल्या कंपन्यांच्या संयुक्त प्रकल्पांना पैसे देतो. त्या खोलीत सगळे त्याबद्दल बोलत असतील. तो तुमच्यासाठी नाही. म्हणजे त्या इमारतीत मिळणारा निम्मा सल्ला चांगला, प्रामाणिक आणि तरीही तुम्हाला लागू न पडणारा असेल. प्रत्येक सल्ल्यावर ‘हे भारतीय पासपोर्टला आणि भारतीय कंपनीला लागू आहे का?’ असं विचारायची सवय लावा.

तुमच्यासाठी बघण्यासारखा मार्ग बहुधा एल-१ए ‘नवं कार्यालय’ हा आहे, म्हणजे परदेशी कंपनीने आपला व्यवस्थापक अमेरिकेतल्या नव्या शाखेत पाठवायचा व्हिसा. त्यासाठी जाणाऱ्या भागीदाराने गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष पुण्याच्या कंपनीत व्यवस्थापकीय पदावर काम केलेलं असावं लागतं, पुण्याची कंपनी चालू राहावी लागते आणि अमेरिकेत प्रत्यक्ष जागा घेतल्याचा पुरावा लागतो. सुरुवातीला एक वर्ष मिळतं. इथे मात्र इन्क्युबेटरची जागा खरोखर उपयोगी पडते, पण अट अशी की करार पुरेशा मुदतीचा हवा आणि त्यात तुमच्यासाठी ठरावीक, मोजता येईल अशी जागा नमूद हवी. ‘उपलब्धतेनुसार कोणतंही टेबल’ असा करार असेल तर अधिकारी शंका काढतात. चार जणांच्या कंपनीतून व्यवस्थापक पाठवला तर मागे कोण काय सांभाळतो, हेही विचारतात. म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला करार दाखवा, नंतर नको.

शेजारी इस्रायली कंपन्या असण्याचा एक फायदा मात्र फक्त तुम्हालाच आहे. भारत आणि इस्रायल यांनी २०१७ मध्ये संयुक्त औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षांचा चार कोटी डॉलरचा निधी जाहीर केला होता. अशा द्विराष्ट्रीय योजनांमध्ये एक भारतीय आणि एक इस्रायली कंपनी एकत्र अर्ज करते. सध्या कोणतं आवाहन खुलं आहे ते तपासावं लागेल. पण पुण्यात बसून इस्रायली भागीदार शोधायला जे महिने जातात, ते तिथे कॉफीच्या यंत्राजवळ होऊन जातं. इस्रायली कंपनीला तिच्या सरकारचं अनुदान मिळालं असेल, तर तिचं तंत्रज्ञान देशाबाहेर नेण्यावर बंधनं असतात, मोठी परतफेडही करावी लागते. म्हणून संयुक्त कामात कोण काय आणतंय आणि कशाची मालकी कोणाकडे राहणार, हे पहिल्याच बैठकीत कागदावर घ्या.

आता चाचणीकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त मोल इथेच आहे आणि धोकाही इथेच. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या दर चार जणांपैकी किमान एक जण दरवर्षी पडतो, असं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचं सांगणं आहे. या वयात दुखापतीने होणाऱ्या मृत्यूंचं पहिलं कारण पडणं हेच आहे. कम्युनिटी सेंटरमध्ये रोज सकाळी हीच माणसं येतात : पाण्यातला व्यायाम, खुर्चीवरचा योग, तोल सांभाळण्याचे वर्ग. तुम्हाला वाटतं की पट्टे वाटले की झाली चाचणी. तसं होत नाही. माणसांवर उपकरणाचा अभ्यास करायचा तर आधी नैतिक परीक्षण मंडळाची, म्हणजे आयआरबीची परवानगी लागते. सेंटरकडे असं मंडळ नसतं. पैसे घेऊन परीक्षण करणारी स्वतंत्र मंडळं अमेरिकेत आहेत, किंवा जवळच्या विद्यापीठातला फिजिओथेरपीचा प्राध्यापक सोबत घेतलात तर त्यांच्या मंडळामार्फत जाता येतं. मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण पुढे त्या प्राध्यापकाचं नाव तुमच्या निष्कर्षांना आधार देतं.

ज्येष्ठांच्या संमतीबद्दल फार जपून राहा. सभासदाला वाटतं की सेंटरने सांगितलंय म्हणजे हो म्हणायला हवं. ती भीड त्यांच्या मनातून काढणं हे तुमचं काम आहे. संमतीपत्र मोठ्या अक्षरांत, सोप्या इंग्रजीत असू दे. नाही म्हटलं तरी वर्गात काहीही फरक पडणार नाही, हे सेंटरच्या माणसाने तोंडी सांगायला हवं आणि माहिती कुठे साठवली जाते, ते लिहिलेलं असायला हवं. आपल्या आईवडिलांच्या वयाची ही माणसं आहेत. पट्टा लावल्यामुळे कुणी गाफील राहून पडलं, तर जी मदत लागेल तिची तयारी आधी करा, मग पहिला पट्टा बांधा.

आणखी एक पेच आहे, ज्याकडे तुमच्या प्रश्नात लक्ष गेलेलं दिसत नाही. उपकरण ‘व्यायामाची नोंद ठेवतं’ एवढंच म्हणालात तर ते आरोग्यवर्धक वस्तूंच्या सैल नियमांत बसू शकतं. ‘हा माणूस पडण्याचा धोका किती’ असं सांगू लागलात की एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारं अमेरिकन सरकारी खातं, त्याला वैद्यकीय उपकरण मानण्याची शक्यता वाढते. बरेच संस्थापक पहिला मार्ग धरून एफडीए टाळतात. पण मग पैसे कोण देणार? सभासद देणार नाही, त्याला व्यायामशाळेचं सभासदत्वच अनेकदा मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनेतून मिळतं, म्हणजे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याची खासगी कंपन्या चालवतात ती योजना. २०२२ पासून मेडिकेअरमध्ये दूरस्थ उपचार-देखरेखीसाठी फिजिओथेरपिस्टला बिल लावता येतं, पण त्यासाठी उपकरण एफडीएच्या व्याख्येप्रमाणे वैद्यकीय असावं लागतं. म्हणजे जो दरवाजा टाळावासा वाटतो, त्याच्याच पलीकडे पैसे आहेत. या वर्षाचा सगळ्यात चांगला उपयोग मला यातच दिसतो : विमा कंपनीत काम केलेले निवृत्त सभासद, फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवणारे, वृद्धाश्रमांची साखळी सांभाळणारे, अशा लोकांना भेटून कोण, कशासाठी, किती पैसे देईल हे शोधणं. अशी माणसं या सेंटरच्या सभासदांत असतातच. ती वेळही देतात, कारण त्यांच्या आजोबांना कुणीतरी असाच वेळ दिला होता, अशी भावना त्या समाजात अजून जिवंत आहे. मला या संस्थांबद्दल जो आदर वाटतो तो याचमुळे.

रोजच्या राहण्याबद्दल थोडं. सेंटरच्या दारावर सुरक्षा कडक असते, ओळखपत्र, बॅग तपासणी, कवायती. २०१४ मध्ये कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कच्या सेंटरबाहेर गोळीबार झाला. तो हल्लेखोर पुढे जवळच्या ज्येष्ठांच्या निवासाकडेही गेला आणि एकूण तीन जण मारले गेले. २०१७ मध्ये देशभरच्या सेंटरना बॉम्बच्या धमक्या आल्या. त्यामुळे तुमच्याकडे भेटीला येणाऱ्याचं नाव आधी कळवा आणि तपासणीला कधीही नाराजी दाखवू नका. इमारतीत बालवाडी असते, म्हणून तुमची पार्श्वभूमी तपासणीही होईल. विम्याचं प्रमाणपत्रही मागतील, ज्यात सेंटरचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून लागतं.

शुक्रवारी दुपारनंतर बैठक ठेवू नका, सूर्यास्तापासून शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. रोश हशाना आणि योम किप्पुर या ज्यूंच्या मोठ्या सणांच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या आधीच कॅलेंडरात घाला. डबा शाकाहारी आहे म्हणून सामाईक स्वयंपाकघरात चालेल, असं धरू नका. कोशरचे, म्हणजे ज्यू आहाराचे, नियम भांड्यांपासून मायक्रोवेव्हपर्यंत जातात आणि प्रत्येक सेंटरची शिस्त वेगळी असते. पहिल्याच दिवशी विचारा, त्यांना विचारलेलं आवडतं. इस्रायलच्या राजकारणावर तिथे वेगवेगळी आणि तीव्र मतं ऐकू येतील, कित्येकांचे नातेवाईक तिकडे आहेत. ऐका. तुमच्याकडून मताची अपेक्षा कुणी करत नाही.

इथवर आलो त्यात काय काय कशावर अवलंबून आहे, ते एकदा सांगतो. तुमचा ग्राहक खरोखर अमेरिकेत असेल, जाणारा भागीदार एल-१ च्या अटींत बसत असेल, आणि हिस्सा वगळून किंवा कामगिरीशी जोडून करार होत असेल, तर मी जाईन. यातलं पहिलंच पक्कं नसेल, तर आधी दोन आठवड्यांची बी-१ भेट करा, सेंटरच्या ज्येष्ठांच्या वर्गाला नुसते पाहुणे म्हणून बसा, पट्टा बॅगेतून काढूसुद्धा नका, आणि लोकांशी बोला. त्यात जे कळेल, ते वर्षभराच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल.

त्यांना आता जे उत्तर पाठवाल, त्यात तीन गोष्टी मागा. भाडेकराराचा आणि हिस्सा-कराराचा मसुदा वेगवेगळा. सध्या तिथे असलेल्या दोन कंपन्यांशी, आणि सोडून गेलेल्या एका कंपनीशी बोलायची परवानगी. आणि पहिल्या तीन महिन्यांत ते तुमची ओळख कोणाकोणाशी करून देणार, त्यांच्या कामाच्या स्वरूपासकट यादी. नावं नकोत, ‘फिजिओथेरपी क्लिनिकची मालकीण’, ‘विमा कंपनीतले निवृत्त अधिकारी’ एवढंही चालेल. यादी आली की इथेच टाका, तिच्यावर पुढे बोलू.